ल्युपिन सरांचा राजीनामा: 'पुस्तक काय शिकवतं' हे लिहिण्याआधी

पीएच.डी.च्या प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यात मी बिनधास्त लिहिलं होतं, 'ही कादंबरी वेगळेपणाचा स्वीकार करायला शिकवते.' मार्गदर्शक मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने तीनच शब्द लिहिले: कुठे? कसं? कोणाला? तेव्हा राग आला होता. आज कुणी मला मसुदा वाचायला दिला, तर मीही हेच तीन प्रश्न विचारते. का, ते तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचलेल्या एका पुस्तकावरून सांगते.

१९९९ साली आलेला हॅरी पॉटर मालिकेतला तिसरा भाग, म्हणजे अझ्काबानच्या कैद्याचा. त्यात रीमस ल्युपिन हे शिक्षक येतात. शिकवतात छान, मुलांना आवडतात. पण लहानपणी चावा घेतला गेल्यामुळे ते दर पौर्णिमेला लांडगा होतात. वर्षाअखेरीस ही गोष्ट फुटते आणि पालक काय म्हणतील हे ओळखून ते राजीनामा देतात. यावरून 'लेखिका भेदभावाविरुद्ध आहे' असं म्हणता येतं. ते चुकीचं नाही, पण एवढ्यावर संशोधन होत नाही. हे तर पुस्तक न उघडताही लिहिता आलं असतं.

आता मजकुराकडे बघू. दुसऱ्या भागात मॅल्फॉय हर्मायनीला तिच्या जन्मावरून शिवी देतो, तेव्हा सगळ्यात जास्त भडकतो तो रॉन. तिसऱ्या भागात, पडक्या घरातल्या प्रसंगात, ल्युपिन सर जखमी रॉनला मदत करायला पुढे येतात आणि तोच रॉन त्यांना 'लांडगा' म्हणून झिडकारतो. हर्मायनीचं तर अजून बघण्यासारखं आहे. सरांचं गुपित तिला आधीपासून माहीत असतं आणि तिने ते कुणालाही सांगितलेलं नसतं. पण सरांनी आपला विश्वासघात केला असं वाटताक्षणी ती हॅरीला सावध करते आणि कारण म्हणून तेच ओरडून सांगते.

मला या पुस्तकाची खरी ताकद इथे दिसते. पूर्वग्रह खलनायकाच्या खिशात ठेवून लेखिका मोकळी झालेली नाही. एका भेदभावावर चिडणारा माणूस दुसरा भेदभाव सहज करतो आणि वर्षभर गप्प राहिलेली समजूतदार मुलगीही घाबरली की तेच लेबल बाहेर काढते. हे 'स्वीकार करायला शिकवते' या वाक्यात कुठे मावतं?

आता कमकुवत बाजू. ल्युपिन सरांचं लांडगेपण म्हणजे आजारामुळे वाट्याला येणारा कलंक, असं वाचन नेहमी केलं जातं आणि रोलिंग यांनीही त्याला दुजोरा दिला आहे. पण कथेत काय घडतं? सर एका रात्री औषध घ्यायला विसरतात आणि मुलांचा जीव खरंच धोक्यात येतो. म्हणजे पालकांची भीती निराधार नव्हती! आपल्याकडचा विद्यार्थी हे वाचताना लगेच 'हे तर अस्पृश्यतेचं रूपक' असं लिहितो. मीही लिहिलं होतं. पण विटाळाची कल्पना पूर्णपणे रचलेली आहे, तिच्यामागे कुठलाही खरा धोका नाही. ल्युपिन मात्र महिन्यातून एक रात्र खरोखर धोकादायक असतात. कल्पनारम्य कथेत वेगळेपण खरं आणि शक्तिमान असतं. त्यामुळे ते जातीवर किंवा आजारावर सरळ बसवलं, की आपण नकळत 'भीतीला काही तरी कारण असतंच' असं कबूल करून बसतो. रूपक कुठपर्यंत चालतं आणि कुठे मोडतं, ते दाखवणं हे समीक्षकाचं काम.

अजून एक. सरांना कोणी काढत नाही, ते स्वतःच जातात. डम्बलडोर त्यांना विद्यार्थी म्हणून आणि पुढे शिक्षक म्हणून घेतात, पण दोन्ही वेळा गुपित राखून. नियम तोच राहतो, एका भल्या माणसाची कृपा तेवढी असते. गुपित फुटलं की कृपाही संपते. मला हा शेवट फार खरा वाटतो आणि म्हणूनच दुःखाचाही.

राहिला 'कोणाला?' हा प्रश्न. इथे वेझाली आणि सहकाऱ्यांचा २०१५ सालचा, 'जर्नल ऑफ अप्लाइड सोशल सायकॉलॉजी'मधला लेख खूप उद्धृत होतो. त्यात तीन अभ्यास आहेत. पहिल्यात इटलीतल्या पाचवीच्या ३४ मुलांचे दोन गट केले. एका गटाने या मालिकेतले भेदभावाविषयीचे उतारे वाचून चर्चा केली, दुसऱ्याने तो विषय नसलेले उतारे. पहिल्या गटात स्थलांतरितांबद्दलचं मत सुधारलं, पण हॅरीशी स्वतःला जोडून घेणाऱ्या मुलांमध्येच. 'हॅरी पॉटर वाचल्याने पूर्वग्रह कमी होतो' हे वाक्य या निष्कर्षापेक्षा कितीतरी मोठं आहे. उतारे निवडलेले, सोबत चर्चा, संख्या लहान आणि वर ही अट. लेख उद्धृत करताना हे सगळं सोबत आणायचं, नाहीतर आणायचाच नाही.

तेव्हा तुमच्या मसुद्यात 'शिकवते', 'संदेश देते', 'प्रेरणा देते' ही क्रियापदं शोधा. प्रत्येकाशेजारी एक प्रसंग लिहा, आणि मग त्या प्रसंगाच्या विरोधात जाणारा त्याच पुस्तकातला दुसरा प्रसंग. दुसरा सापडला नाही, तर पुस्तक पुन्हा वाचा. सापडला, तर तुमचा संशोधनप्रश्न बहुधा त्या दोघांच्या मध्येच कुठेतरी आहे. माझा तिथेच सापडला.