सगळं दिसलंच पाहिजे का?

सॉल लायटरचा ‘थ्रू बोर्ड्‌स’ नावाचा एक फोटो आहे. साधारण १९५७चा, न्यूयॉर्कमधला. जवळपास सगळी फ्रेम अंधाऱ्या फळ्यांनी अडवलेली आणि मधल्या एका आडव्या फटीतून दिसणारा रस्त्याचा तुकडा. बस्स, तेवढंच. लायटर अर्धशतकाहून जास्त काळ मॅनहॅटनच्या ईस्ट व्हिलेज भागात राहिला आणि त्याचे कितीतरी रंगीत फोटो घरापासून चालत जाण्याच्या अंतरातले आहेत. ओली काच, बर्फ, छत्री, कुणाची तरी पाठ. बातमी व्हावी असं त्यात काहीही घडत नाही. हे फोटो ‘अर्ली कलर’ या पुस्तकातून लोकांसमोर नीट आले ते २००६मध्ये, म्हणजे लायटरने ऐंशी ओलांडल्यावर.

आता तीच फट तुमच्या फोनमधून टिपायची आहे असं समजा. तुम्ही एकदा बटण दाबता, पण फोन बहुतेकदा एकामागोमाग अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर बसवतो, सावल्या उचलतो, आभाळ खाली ओढतो. फळ्यांवरचे खिळे दिसू लागतात. फोनच्या लेखी अंधार म्हणजे हरवलेली माहिती आणि ती परत मिळवणं हे त्याचं काम. रात्री हरवलेली किल्ली शोधताना मला हे फार उपयोगी वाटतं. फोटोसाठी मात्र ते एक ठाम मत आहे: सगळं दिसलं पाहिजे, सारखंच दिसलं पाहिजे. आपण रोज शंभरदा त्या मतावर सही करतो आणि त्याला ‘क्लिअर आलाय’ असं म्हणतो.

छोट्या मिररलेस कॅमेऱ्याची गंमत मला इथे वाटते. जुन्या डीएसएलआरमध्ये लेन्समागे एक आरसा असायचा, तो उजेड वर डोळ्यापर्यंत पाठवायचा. पॅनासॉनिकने २००८मध्ये आणलेल्या ‘जी१’मध्ये तो आरसा काढून टाकला. पुढच्याच वर्षी ऑलिंपसने ‘पेन’ हे आपलं १९५९चं नाव पुन्हा वापरलं. मूळचा पेन योशिहिसा माइतानी यांनी आखलेला, खिशात मावणारा, फिल्मची अर्धीच फ्रेम वापरणारा. छत्तीसच्या रोलमध्ये बहात्तर फोटो! रोजच्या, फुटकळ फोटोंसाठी याहून मोठं आमंत्रण काय असणार?

आरसा गेल्यामुळे कॅमेरा लहान झाला हे सगळेच सांगतात. त्याहून मोलाचं म्हणजे आता व्ह्यूफाइंडरमध्ये किंवा पडद्यावर दिसतं ते सेन्सरला दिसणारं दृश्य. अंगठ्याखालची चकती एक स्टॉप खाली फिरवली की उजेड निम्मा होतो आणि फोटो काढायच्या आधीच खोलीचे कोपरे डोळ्यांसमोर काळे पडत जातात. किती अंधार ठेवायचा हे तुम्ही बघत बघत ठरवता. फोनमध्येही बोट सरकवून उजेड कमी करता येतो, नाही असं नाही. पण किती जण सरकवतात? मी तर कधीच नाही. माझ्या सेकंडहँड कॅमेऱ्यावर १७ मिमीची एकच लेन्स आहे, झूम नाही. जवळ हवं असेल तर दोन पावलं पुढे जायचं, आणि समोरच्या माणसाला ते चालणार नसेल तर नाही जायचं.

या कॅमेऱ्यांची सध्याची फॅशन मात्र मला खटकते. फुजीचा ‘एक्स१०० व्ही’ २०२०मध्ये आला आणि दोनेक वर्षांनी टिकटॉकवर असा गाजला की दुकानांत मिळेना. (आपल्याकडे टिकटॉक तोवर बंद झालेलं, पण वेड रील्समधून व्यवस्थित पोचलं.) कॅमेरा सुंदर आहे, तक्रार त्याच्याबद्दल नाही. तक्रार आहे ‘रेसिपी’बद्दल. जुन्या फिल्मसारखे रंग देणारं सेटिंग कुणीतरी ठरवतं, सगळे ते उतरवून घेतात आणि मग दादरचा फूलबाजार, पाँडिचेरीची गल्ली आणि कॉफीचा कप एकाच तपकिरी आठवणीत बुडतात. ती आठवण आपली नसतेच. ज्यांनी रोल कधी धुवून आणला नाही त्यांना रोलचा विरह कशाला? फोनकडून काढून घेतलेला निर्णय इथे आपण परत दुसऱ्याच्या हवाली करतो, वर लाखभर रुपये मोजून.

याउलट सुनी तारापोरवाला यांचं काम पाहा. १९७७पासून त्या पारशी समाजाचे फोटो काढत आल्या, आणि त्या समाजात त्यांचे स्वतःचे घरचे लोकही आले. २०००मध्ये त्याचं पुस्तक झालं. त्यातली घरं, म्हातारी माणसं ‘व्हिंटेज’ म्हणून मांडलेली नाहीत. ती तिथे राहताहेत आणि फोटो काढणारी त्यांच्यातलीच आहे. घरचा फोटो कसा असावा, याचं माझं माप तिथून आलंय.

पण घरचा फोटो म्हटलं की चेहरा आला आणि तिथे माझा युक्तिवाद अडखळतो. आमच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी आहे, ओट्याच्या डावीकडे. सकाळी आई भाकऱ्या थापते तेव्हा तिचा एक गाल उजळतो आणि दुसरा पार सावळ्या अंधारात जातो. फोन तो अंधार पुसतो, वर तिचा रंगही दोन छटा उजळ करतो, कुणीही न सांगता. कॅमेऱ्यातल्या फोटोत ती तिच्या रंगाची आहे, कपाळावर घाम आहे, मागचा डब्यांचा फळा नुसता अंदाजाने कळतो. मला तो माझा सगळ्यात चांगला फोटो वाटतो.

आईने तो लांब धरून पाहिला. “किती काळी आलेय मी,” म्हणाली, “आणि एवढे डबे घासून लावलेत, त्यातला एक तरी दिसतोय का?”

सावळ्या बाईने आयुष्यभर रंगावरून जे ऐकलेलं असतं, ते मला लायटरच्या फळ्या दाखवून खोडता येणार नव्हतं. डब्यांचं म्हणणं तर सरळच बरोबर होतं: मला नकोसा असलेला तपशील तिचं सकाळभराचं काम होतं. काय अंधारात ठेवायचं हे मी ठरवलं, पण फोटो तिचा होता. आम्ही बराच वेळ त्यावर बोललो. तिने दुसऱ्या दिवशी मला परत ओट्यापाशी उभं केलं, डब्यांचा फळा फ्रेममध्ये पूर्ण घ्यायला लावला आणि पदर सारखा केला. यावेळी चकती मी शून्यावर ठेवली, मग तिला विचारून अर्धा स्टॉप खाली. तिच्या डीपीवर मात्र अजून फोनमधलाच फोटो आहे.