संत थॉमसची कबर : अस्थी आणि माती

आज एका कबरीविषयी बोलायचं आहे. अडचण एवढीच, की ती एका जागी नाही. येशूच्या बारा शिष्यांपैकी एक थॉमस. त्याची कबर चेन्नईत मैलापूरच्या सान थोमे चर्चमध्ये दाखवतात. इटलीत ओर्तोनाच्या कॅथेड्रलमध्ये त्याच्या अस्थी आहेत म्हणतात. १२५८ साली त्या किऑस बेटावरून तिथे आणल्या. त्याच्या कित्येक शतकं आधी, त्या एडेसात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या उर्फा शहरात होत्या, अशी सिरियाक परंपरा आहे.

तर्कशास्त्र शिकवताना आम्ही हे उदाहरण अव्याघाताच्या नियमासाठी वापरत असू. एक देह एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. म्हणून एक दावा खरा तर दुसरा खोटा. मुलांना पटायचं, आम्हीही समाधानी. आज कबूल करायला हवं, उदाहरण चुकलं होतं. मूळ कथाच आम्ही नीट वाचली नव्हती.

ती आहे ‘थॉमसची कृत्ये’ या ग्रंथात; तिसऱ्या शतकातला सिरियाक ग्रंथ, बहुधा एडेसातच रचलेला. मझदाय राजा थॉमसला नगराबाहेरच्या डोंगरावर भाल्यांनी मारवतो. शिष्य त्याला जुन्या राजांच्या कबरीत ठेवतात. पुढे राजाच्या मुलाला भूतबाधा होते. एखादं हाड तरी मिळावं म्हणून राजा कबर उघडतो, तर आत काहीच नाही! एका शिष्याने अस्थी केव्हाच पश्चिमेला नेलेल्या. मग राजा तिथली माती नेतो, आणि मुलगा बरा होतो.

आता गंमत बघा. ही कथा एडेसावाल्यांच्या सोयीची. पण तिने मूळ जागेचं माहात्म्य हिरावून घेतलेलं नाही. अस्थी पश्चिमेला गेल्या, मातीचा गुण तिथेच राहिला. चौथ्या शतकातला कवी एफ्रेम सैतानाकडून तक्रार करवतो, की ज्याला हिंदुस्थानात मारवलं तो एडेसात आपल्या आधी हजर! सहाव्या शतकात तूरचा ग्रेगरीही सांगतो : आधी हिंदुस्थानात, मग एडेसात. तेराव्या शतकाअखेर मार्को पोलो कोरोमंडल किनाऱ्याबद्दल लिहितो. देह इथेच आहे असं तो म्हणतो खरा. पण यात्रेकरू घरी काय नेतात? तिथली तांबडी माती, ताप उतरवायला.

मग कबर फावड्याने सिद्ध करायची वेळ कधी आली? १५२३ साली पोर्तुगीजांनी मैलापूरला खोदकाम केलं. हाडं, भाल्याचं टोक, मातीने भरलेलं भांडं मिळाल्याचं नोंदवलं. कथेत रिकामी असलेली कबर आता भरलेली निघायला हवी होती. अस्थींचा दावा अस्थींच्या दाव्यावर आदळला तो इथे.

याचा अर्थ मैलापूर सिद्ध झालं, असा काढू नका. त्या ग्रंथात मैलापूरचं नाव नाही. मझदाय हे नावही इराणी वळणाचं. ग्रंथातला दुसरा राजा गोंडोफारेस मात्र खरा. त्याची नाणी आणि तख्त-ए-बाहीचा शिलालेख आहे, पण तो वायव्येकडचा. आणि नाण्याने राजा सिद्ध होतो, राजाची गोष्ट नव्हे. छत्रपतींचा काळ इतिहासात आहे म्हणून ऐतिहासिक कादंबरीतला प्रत्येक संवाद आपण खरा मानतो का?

आमचं म्हणणं इतकंच. ‘देह कुठे आहे?’ आणि ‘माणसं कुठे येतात, का येतात?’ हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर पुराव्याने द्यावं, आणि पुरावा अपुरा असेल तर तसं सांगावं. दुसऱ्याचं उत्तर त्या मातीत आहे. मगहरला कबीराची समाधीही आहे आणि मजारही. तिथे कुणी अव्याघाताचा नियम घेऊन जात नाही. आम्ही मात्र वर्गात तो घेऊन गेलो होतो.

आता प्रश्न घेऊ.