महाबली आणि व्हाउचर

अचाट शक्तीच्या नायकांचे चित्रपट पाहताना आम्हां बँकवाल्यांची फार पंचाईत होते. नायक पूल उपटून खलनायकाच्या डोक्यात घालतो, लोक टाळ्या पिटतात आणि आमच्या मनात येतं, हा पूल कोणाच्या नावे टाकायचा?

हा हिशेब पडद्यावरच मांडणारा चित्रपट म्हणजे पीटर बर्गचा ‘हॅनकॉक’ (२००८). लॉस एंजेलिसमधल्या बाकावर झिंगून पडलेला हॅनकॉक (विल स्मिथ) नाइलाजाने गुंडांमागे उडतो आणि टेबलावरच्या तारेला व्हाउचर टोचावं तशी त्यांची मोटार एका इमारतीच्या सुळक्याला टोचतो. नुकसान ९० लाख डॉलरांवर! किनाऱ्यावर अडकलेला देवमासा तो समुद्रात भिरकावतो, तो नेमका शिडाच्या होडीवर. रुळांवर अडकलेल्या रेला (जेसन बेटमन) वाचवतो, पण मालगाडी आडवी होते. काम फत्ते, तरी लोक शिव्याच घालतात.

रेचा धंदा जनसंपर्काचा. तो हॅनकॉकला तुरुंगात जायला लावतो, हळू उतरायला शिकवतो आणि पोलिसांना ‘छान काम केलंत’ म्हणायला लावतो. कडू काढा घेतल्यासारख्या चेहऱ्याने विल स्मिथ हे म्हणतो, तेव्हा चित्रपट खरा रंगतो. बँकेवरच्या दरोड्यात तर जखमी पोलीसबाईंना उचलण्याआधी तो त्यांची रीतसर परवानगी मागतो! काउंटरमागे बसणाऱ्याला यातलं मर्म लगेच कळतं. पासबुक बिनचूक भरलं, पण भिरकावून दिलं, तर गिऱ्हाईक आकडे विसरतं, भिरकावणं विसरत नाही.

इथवर सगळं झकास. मग रेची बायको मेरी (चार्लीझ थेरॉन) हॅनकॉकची हजारो वर्षांपूर्वीची पत्नी निघते. दोघं जवळ आली की दोघांचीही शक्ती ओसरते. विवाहितांना हे समजायला हजारो वर्षं लागत नाहीत, हा भाग वेगळा. पण माणसांत वागायला धडपडणारा आपला दारुडा इथे हरवतो आणि त्याच्या जागी एक पुराणपुरुष येऊन बसतो. दारुड्याची काळजी वाटत होती. पुराणपुरुषाला आपण नुसता नमस्कार करतो. दिग्दर्शकाला आपल्याच विनोदाची भीती वाटली असावी.

चित्रपटाने जगभर ६० कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमवला, तेव्हा निर्मात्यांचा हिशेब जुळला म्हणायचा. माझ्यापुरता पूर्वार्ध जमेला धरला आहे. उत्तरार्ध सस्पेन्स खात्यात टाकलाय. खुलासा न होणाऱ्या रकमा आम्ही तिथेच ठेवतो.