विद्यार्थ्याचे लेखन आणि वाचकाचा प्रश्न

महाविद्यालयीन वर्गांतील लेखनाच्या अध्यापनाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा शुद्धलेखन, विरामचिन्हे आणि परिच्छेदरचना यांपाशी थांबते. या गोष्टी आवश्यक आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु विद्यार्थी जे लिहितो ते कोणी वाचावे म्हणून लिहितो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वर्गातील निबंध निर्जीव होतो तो भाषाज्ञानाच्या उणिवेपेक्षा खऱ्या वाचकाच्या अभावामुळे, असे आमचे मत आहे. आणि या अभावाची खूण निबंधाच्या व्याकरणातच सापडते.

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. 'आम्ही' हे श्रोत्यास वगळते. 'आपण' हे त्यास सामावून घेते. परीक्षेसाठी लिहिलेल्या निबंधात बहुधा 'आपण' असतो. 'आपण निसर्गाचे रक्षण केले पाहिजे', 'आपण आपल्या संस्कृतीचा अभिमान बाळगला पाहिजे', अशी वाक्ये प्रत्येक अध्यापकाच्या परिचयाची आहेत. येथे 'आपण' म्हणजे नेमके कोण, हे विद्यार्थ्यास ठाऊक नसते. ठाऊक असण्याचे कारणही नसते. त्याचा एकमेव वाचक परीक्षक होय, आणि परीक्षकास सांगितलेली गोष्ट आधीच माहीत असते. माहीत असलेल्यास माहिती सांगणे, हा व्यवहार भाषेच्या स्वभावाविरुद्ध आहे.

याउलट स्थिती कशी असते, हे पाहण्यासाठी विद्यार्थ्याच्याच एका लेखाकडे वळू. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी चालविलेल्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीचा 'मांग महाराच्या दुःखाविषयी' हा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये १८५५ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. चिपळूणकरांची 'निबंधमाला' त्यानंतर १९ वर्षांनी, १८७४ साली सुरू झाली. म्हणजे पुढे शाळांतून गिरविला गेलेला प्रौढ निबंधाचा साचा या मुलीपुढे नव्हता. या निबंधाचे सामाजिक महत्त्व सर्वमान्य आहे. येथे केवळ त्यातील संबोधनाची व्यवस्था पाहावयाची आहे.

निबंधातील 'आम्ही' स्पष्ट आहे. वेदांवर आपलाच अधिकार सांगणाऱ्यांशी ती वाद घालते, तेव्हा ते या 'आम्ही'च्या बाहेर राहतात. ज्यांना धर्मग्रंथ पाहण्याचीही मनाई, त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न ती थेट ईश्वरास करते. पेशवाईतील जुलूम सांगताना ती विशेषणांवर विसंबत नाही. इमारतींच्या पायांत माणसे पुरण्यासारखे प्रकार नोंदविते. शेवटाकडे ती आपल्याच लोकांकडे वळते. अज्ञानास रोग आणि ज्ञानास औषध मानून त्यांना शिकण्यास सांगते. तेथे 'तुम्ही' येतो आणि क्रियापद आज्ञार्थी होते. रोमान याकब्सन यांनी १९६० साली भाषेची कार्ये मांडताना श्रोत्याभिमुख कार्य संबोधन आणि आज्ञार्थ यांत सर्वांत निखळ स्वरूपात प्रकट होते, असे दाखविले. या निबंधात ती दोन्ही रूपे आहेत, आणि ती अलंकार म्हणून आलेली नाहीत.

यावरून कोणी असे म्हणेल की, विद्यार्थ्यांचे लेखन प्रसिद्ध केले म्हणजे प्रश्न सुटला. तसे नाही. बहुतेक महाविद्यालयांत भित्तिपत्रके लागतात, वार्षिकांकही निघतात; तरी त्यांतील पुष्कळसे लेखन परीक्षेतील निबंधासारखेच असते. कारण प्रसिद्धीने वाचक संभवतो, संबोध्य मिळत नाही. मुक्ता साळवे ज्या आपल्या लोकांना शिका म्हणते, त्यांपैकी फार थोड्यांना 'ज्ञानोदय' वाचता येत असेल. तो अंक हाती घेणारा वर्ग प्रायः निराळा होता. तिचे बोलणे एकाशी आणि ऐकणारा दुसराच, असे हे दुहेरी नाते आहे, आणि निबंधाचे बळ त्यातच आहे. असे नाते छापखाना देत नाही. कोणास काय सांगावयाचे आहे, हे लेखकाने आधी ठरवावे लागते.

म्हणून अध्यापकाने विषय देण्यापूर्वी वाचक ठरवावयास लावावा. वसतिगृहातील पाण्याविषयी लिहावयाचे, तर ते अधीक्षकास की नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यास? दोन लेखांत माहिती तीच राहील. वाक्ये तीच राहणार नाहीत. लेख प्रथम सहाध्यायांनी वाचावा, त्यांनी शंका विचाराव्यात, आणि लाल शाई त्यानंतर यावी. घरची बोली लेखनात आली, तर ती खोडण्यापूर्वी त्या वाचकासाठी ती योग्य आहे काय, हे लेखकास विचारावे. लेखन वर्गाबाहेर न्यावे की नाही, याचा निर्णयही लेखकाचाच असावा. आपल्या घरच्या दैन्याविषयी लिहिणाऱ्या विद्यार्थ्यावर प्रसिद्धीची सक्ती करणे अन्यायाचे होईल.

गुणांचा प्रश्न उरतोच. जेथे गुण आहेत तेथे परीक्षक हा वाचक कायमच राहणार. तथापि तो एकमेव वाचक असू नये, एवढे करणे आपल्या हाती आहे. शिकणाऱ्यांच्या पहिल्या पिढीतून आज जे विद्यार्थी आपल्या वर्गांत येतात, त्यांच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असते. त्यांना आपण निराकार 'आपण' शिकविला, तर त्यांची प्रमाणभाषा सुधारेल. पण 'आम्ही' म्हणण्याचा त्यांचा अधिकार मात्र वर्गातच हिरावला जाईल.