पूर्वरागाचें वाङ्मय

विश्वनाथानें साहित्यदर्पणांत विप्रलंभ शृंगाराचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांतील पहिला पूर्वराग. नायकनायिकांची भेट झालेली नाहीं, परंतु गुणांचें वर्णन कानांवर आलें आहे किंवा चित्र पाहण्यांत आलें आहे, आणि तेवढ्यावरच अंतःकरण गुंतलें आहे, अशी ती अवस्था. दमयंतीनें नलाला पाहिलें नव्हतें. हंसानें वर्णन केलें आणि काम झालें. अमेरिकेंतील वेगवान् मोटारींच्या रसिकांनीं, अजून बाजारांत न आलेल्या गाड्यांविषयीं जें विपुल लेखन केलें आहे, तें वाचतांना मला या अवस्थेची वारंवार आठवण होते. त्या लेखनाला वाङ्मय म्हणावें कीं नाहीं याबद्दल दुमत होईल. (मला स्वतःला मोटार हांकतां येत नाहीं हेंही सांगून टाकतों; पण घोड्यावर कधीं न बसलेला मनुष्यही रघूचा दिग्विजय वाचतोच.)

या वाङ्मयांतील सर्वांत दीर्घ आख्यान कॉर्व्हेट या गाडीभोंवतीं रचलें गेलें. १९५३ च्या जानेवारींत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलांत जनरल मोटर्स कंपनीनें ती प्रथम लोकांपुढें मांडली. प्रेक्षकांत झोरा आर्कस-डन्टॉव्ह हा ब्रसेल्समध्यें जन्मलेला इंजिनिअर होता. तिच्या रूपावर तो लुब्ध झाला. अंतरंगाविषयीं मात्र त्याचें मत तितकें अनुकूल नव्हतें. त्याच वर्षीं तो कंपनीच्या नोकरींत शिरला. कॉर्व्हेटचें इंजिन पुढें असे. तें चालकाच्या पाठीमागें, दोन्ही आंसांच्या मध्यें असावें, हा पुढें त्याचा ध्यास झाला. कारण सरळ आहे. गाडी ढकलतात तीं मागचीं चाकें. भार त्यांच्यावर आला तर तीं जमीन घट्ट धरतात, आणि जड वस्तु मध्याजवळ आली म्हणजे गाडी वळणावर चटकन् फिरते. १९६० मध्यें त्यानें या रचनेची एक प्रायोगिक गाडी केली. १९७० मध्यें न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत दुसरी आली, १९७६ मध्यें एरोव्हेट या नांवानें आणखी एक. मासिकांनीं ‘हीच पुढची कॉर्व्हेट’ म्हणून स्वागत करावें, आणि कारभाऱ्यांनीं खर्चाचा हिशेब मांडून प्रकरण मिटवावें, असा क्रमच पडून गेला. डन्टॉव्ह १९७५ सालीं निवृत्त झाला, १९९६ सालीं वारला. विक्रीसाठीं केलेली तशी गाडी जगापुढें आली ती १८ जुलै २०१९ रोजीं, कॅलिफोर्नियांतील टस्टिन येथें.

मधल्या काळांत जीं भाकितें झालीं त्यांची परीक्षा करण्याजोगी आहे. भाकीत हें अखेर अनुमानच, आणि अनुमानाचे नियम नैयायिकांनीं कधींच घालून दिले आहेत. २०१४ सालीं कंपनीनें ‘झोरा’ हें नांव आपल्या हक्कांत नोंदविण्यासाठीं अर्ज केला. नव्या गाडीचें नांव झोरा, असें अनेक रसिकांनीं ठरवून टाकलें. धूर होता हें खरें. पण नांवाची नोंदणी हा गाडीच्या नांवाचा अव्यभिचारी हेतु नव्हे. व्यापारी मंडळी अशीं नांवें कोठारांत धान्य भरावें तशीं भरून ठेवतात. गाडी आली ती ‘स्टिंगरे’ हें जुनेंच नांव घेऊन. हातानें गिअर बदलण्याची सोय राहील कीं नाहीं यावर तर पानेंच्या पानें खर्चीं पडलीं. राहील असें सांगणाऱ्यांचे लेख वाचले म्हणजे इच्छेनें अनुमानाचा वेष घेतला आहे हें लपत नाहीं. ती सोय गेली. आठ गिअरांची, दोन क्लचांची स्वयंचलित पेटी आली.

तथापि अतिशयोक्ति हा या लेखकांचा मुख्य दोष आहे असें मला वाटत नाहीं. उलट त्यांची कल्पना पुष्कळदां भित्री ठरली. पुढें इंजिन असलेली गाडी सामान्य गिऱ्हाइकासाठीं चालू राहील आणि नवी तिच्या शेजारीं फार मोठ्या किंमतीची म्हणून मांडली जाईल, असें कित्येकांचें भाकीत होतें. प्रत्यक्षांत कंपनीनें जुनी रचना साफ टाकून दिली आणि नव्या गाडीची किंमत ५९,९९५ डॉलरांपासून ठेवली. पुढें झेड-आर-वन या तिच्या बलिष्ठ बहिणीविषयीं ८५० अश्वशक्तीचा आंकडा बराच काळ फिरत होता. २०२४ च्या जुलैंत ती आली ती १,०६४ घेऊन!

या लेखनांतील खरोखर उत्तम भाग निराळा आहे. जुन्या रचनेच्या शेवटच्या झेड-आर-वनमध्यें ७५५ अश्वशक्ति होती. एवढें बळ मागच्या चाकांनीं जमिनींत उतरवावें कसें, वजन पुढें ठेवून आणखी वेग मिळणार कोठून, असे प्रश्न विचारून कांहीं लेखकांनीं वस्तूच्या स्वभावावरूनच निष्कर्ष काढला कीं, इंजिनाला आतां मागें जाण्यावांचून गत्यंतर नाहीं. येथें गुप्त बातमीची गरज लागली नाहीं. पात्राचा स्वभाव ओळखून नाटकाचा पुढचा अंक सांगणाऱ्या प्रेक्षकाची ही जात आहे. चोरून काढलेल्या छायाचित्रांवर उड्या मारणाऱ्यांहून ती मला फार वरची वाटते.

छायाचित्रांची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतों. परीक्षेसाठीं रस्त्यावर आणलेल्या गाडीला नक्षीदार आवरण घालतात. आकार लपावा हा त्याचा हेतु; पण इतक्या विचित्र वेषानें हिंडणाऱ्याकडे कोण पाहणार नाहीं? एप्रिल २०१९ मध्यें तर कंपनीनें आपणच अशी झांकलेली गाडी न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून फिरविली, आणि प्रकट होण्याची तारीख तिच्या अंगावर लिहून ठेविली. हंसही नलानेंच पाठविलेला होता, हें दमयंतीच्या कथेंत आपण सोयीस्करपणें विसरतों. रसिक ज्याला आपला शोध म्हणतो त्यांतील कितीसा भाग त्याच्या पुढ्यांत मुद्दाम टाकलेला असतो, हा प्रश्न या लेखकांनीं स्वतःला फारसा विचारलेला नाहीं, आणि ही त्यांच्या लेखनांतील मोठी उणीव होय. विक्रेत्याच्या उत्सुकतेला जो आपली उत्सुकता समजतो, त्याच्या पसंतीला पुढें किंमत काय राहणार?

पूर्वरागाचा एक दंड मात्र कोणालाच चुकत नाहीं. गाडी आली तेव्हां चालक आणि शेजारचा यांच्यामध्यें बटणांची जी लांब रांग होती तिच्यावर पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. टीका अयोग्य होती असें नाहीं. पण मनांतल्या गाडीला बटणें कधींच नसतात. अनेक वर्षें जी केवळ चित्रांत होती तिच्याशीं तुलना झाली तर कोणत्याही प्रत्यक्ष वस्तूनें हरावें हेंच क्रमप्राप्त. म्हणून या गाडीचें खरें परीक्षण मला सांपडलें तें भाकितें करणाऱ्यांच्या लेखांत नव्हे, तर ज्यांनीं वर्षभर ती वापरली, सामान घेऊन प्रवास केला, त्यांच्या साध्या टिपणांत.

तरीही, कारभारी हिशेब मिटवीत असतां ही कल्पना लोकांच्या मनांत जागती ठेविली ती याच उतावळ्या लेखकांनीं, हें श्रेय त्यांना दिलें पाहिजे. डन्टॉव्हच्या अस्थि केंटकींतील बोलिंग ग्रीन येथें कॉर्व्हेटच्या संग्रहालयांत आहेत. त्याच गांवच्या कारखान्यांत २०२० पासून मागें इंजिन असलेल्या गाड्या तयार होत आहेत. २०२५ सालीं कंपनीच्या इंग्लंडांतील आणि कॅलिफोर्नियांतील कलाकारांनीं भावी कॉर्व्हेटचीं कल्पनारूपें दाखविलीं आहेत, आणि नववी पिढी कशी असेल यावर नवे लेख येऊं लागले आहेत. मी ते वाचतों.