शनिवारवाडा ते मंडई : एका पायी फेरीचे वाचन

पुण्यातल्या वारसा-फेऱ्या अनेकदा शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर सुरू होतात. गेल्या हिवाळ्यात मीही अशाच एका फेरीत सामील झालो. वाड्याची पायाभरणी १७३०, भीषण आग १८२८. सनावळी चोख होती. पुढे दगडूशेठ गणपती, तुळशीबाग आणि शेवटी मंडईत चहा. वास्तू म्हणजे इतिहास आणि बाजार म्हणजे विरंगुळा, अशी वाटणी त्या दोन तासांत नकळत होऊन गेली. माझा आक्षेप आहे तो या वाटणीला.

मंडईतला भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणातच भरत असे. १८८६ मध्ये मंडईची इमारत सुरू झाली, तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले आणि बाजार तिकडे हलला. वाड्यासमोरची आजची मोकळी, ‘ऐतिहासिक’ जागा ही अशी उठलेल्या बाजाराची जागा आहे. फेरीत हे कोणी सांगितले नाही.

पुढच्या रविवारी मी एकटाच शिवाजी रस्त्याने तेच अंतर पुन्हा चाललो. वाटेत, दगडूशेठच्या देवळासमोर, भिडे वाड्याची जागा लागते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती इथे. जीर्ण झालेला तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. फेरीत आम्ही सगळे देवळाकडे तोंड आणि या जागेकडे पाठ करून उभे होतो.

याच जोतीरावांनी नगरपालिकेचे सभासद असताना नव्या मंडईवरच्या मोठ्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, ही त्यांची भूमिका. आज मंडईला त्यांचेच नाव आहे. हा सन्मान खराच. पण त्या नावाखाली त्यांचा विरोध झाकला गेला. शाळेची जागा आणि मंडई सुट्या सुट्या पाहिल्या, तर हा वाद दिसतच नाही. लागोपाठ चालत गेलो की दहा-पंधरा मिनिटांत तो समजतो.

दोन तासांत सगळे दाखवता येत नाही, हे मला मान्य आहे. तरी फेरी भिडे वाड्याच्या जागेपाशी पाच मिनिटे थांबावी आणि मंडईतल्या चहाआधी फुल्यांचा तो विरोध सांगितला जावा, एवढी अपेक्षा गैर नाही.