बाष्पदाबाचे मोजमाप आणि शास्त्रीय मराठीचे वाक्य

शास्त्रीय मराठीविषयीची चर्चा बहुधा परिभाषेपाशीच थांबते. प्रतिशब्द संस्कृत असावा की बोलीतला, इंग्रजी शब्द तसाच ठेवावा की टाकावा, हे वाद जुने आहेत. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले. त्यानंतर निघालेल्या परिभाषा कोशांनी शब्दांची उणीव पुष्कळ अंशी भरून काढली. तथापि शब्द हाती आला म्हणजे विचार भाषेत उतरला, असे होत नाही. द्रवाचा बाष्पदाब मोजण्याचा प्रयोग हे ह्याचे बोलके उदाहरण होय.

‘बाष्पदाब’ ह्या संज्ञेवर नेहमीचा आक्षेप असा की, ‘वाफ’ असताना ‘बाष्प’ कशाला? व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे शब्द एकच होत. संस्कृत ‘बाष्प’ प्राकृतात ‘बप्फ’ झाला आणि त्यातूनच मराठी ‘वाफ’ आली. वाटेत मात्र अर्थ आकुंचित झाला. व्यवहारात वाफ म्हणजे तापल्या पाण्यावर डोळ्यांना दिसते ती. २० अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यालाही १७.५ मिलिमीटर बाष्पदाब असतो, ही गोष्ट ‘वाफेचा दाब’ म्हटल्याने मनात ठसत नाही. आक्षेपाचे हे उत्तर रास्त आहे, पण पुरे नाही. पाऊस उघडल्यावर जमिनीत पेरणीजोगी ओल आणि हवा राहते, त्या अवस्थेस शेतकरी ‘वाफसा’ म्हणतो. तेथे ना चूल असते ना उकळी. तरी शब्दात वाफ स्पष्ट ऐकू येते. अदृश्य बाष्पाची जाण बोलीत शाबूत आहे. पाठ्यपुस्तकांनी तिचा आधार घेतला पाहिजे.

मराठवाड्यात ह्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आज लातूर जिल्ह्यात असलेले मुरुड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. १९१८ साली स्थापन झालेल्या तेथील उस्मानिया विद्यापीठाने विज्ञानाचे उच्च शिक्षण उर्दूतून दिले. परिभाषेच्या घडणीवर वहीदुद्दीन सलीम ह्यांनी १९२१ साली ‘वझ-ए-इस्तिलाहात’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. उर्दूत बाष्पाला ‘बुखारात’ हा अरबी शब्द होता. १९४८ नंतर माध्यम इंग्रजी झाले. उच्च विज्ञानाची भाषा बदलली, पण ती मराठी झाली नाही. अशा प्रदेशातील विद्यार्थ्याला ‘बुखारात’, ‘व्हेपर’ आणि ‘बाष्प’ हे तिन्ही शब्द सारखेच परके वाटावेत, ह्यात नवल नाही. त्यांतील एक घरच्या वाफेचा सख्खा नातलग आहे, हे त्याला सांगावयास हवे.

परंतु संज्ञेपेक्षा मोठा दोष विशेषणात आणि व्याख्येत आढळतो. प्रयोगाची जुनी रीत अशी: पाऱ्याने भरलेल्या दोन नळ्या पाऱ्याच्या भांड्यात उलट्या उभ्या कराव्या, एकीत वाकड्या पिपेटने खालून द्रवाचे थेंब सोडावे. थेंब वर चढतात, पारा उतरतो. पाऱ्यावर द्रवाचा पातळ थर टिकून राहिला, की दोन नळ्यांतील उंचीचा फरक हाच त्या तापमानाचा बाष्पदाब. २० अंशांना ईथरचा फरक सुमारे ४४० मिलिमीटर भरतो. स्मिथ आणि मेन्झीस ह्यांनी १९१० साली सुचविलेल्या आयसोटेनिस्कोपातही द्रवावरील हवा पूर्णपणे काढून टाकणे ही पहिली अट आहे; हवा उरली तर आकडा फुगतो. ह्या बाष्पाला मराठीत ‘संपृक्त’ म्हणतात. ‘पृच्’ धातूचा अर्थ मिसळणे, जोडणे. जेथे मिसळ टाळावयाची, तेथेच मिसळ सुचविणारे विशेषण आले आहे. हिंदीतील ‘संतृप्त’ अर्थाच्या अधिक जवळचा. संपृक्त आता रूढ झाला आहे, तो बदलण्याचा आग्रह नको. पण तो समजावून दिल्यावाचून वापरू नये.

व्याख्येचे तसे नाही. ‘द्रवाच्या बाष्पाने दिलेल्या दाबास बाष्पदाब म्हणतात’ ह्या धर्तीचे वाक्य सुबक असूनही निरुपयोगी आहे. बंद जागा, ठरावीक तापमान, शिल्लक द्रव आणि समतोल ह्या चारही अटी त्यातून गळाल्या आहेत. प्रयोगाच्या कृतीत मात्र ‘करावे’, ‘सोडावे’, ‘राहू द्यावे’ अशी विध्यर्थी रूपे येतात आणि अट आपोआप बोलली जाते. मराठीचे हे बळ व्याख्येत हरवते, कारण तेथे वाक्य इंग्रजीच्या साच्यात ओतले जाते.

ह्याचा परिणाम प्रयोगवहीत उमटतो. ‘पाणी १०० अंशांना उकळते’ हे असेच अटी गाळलेले वाक्य. द्रवाचा बाष्पदाब बाहेरच्या दाबाइतका झाला की द्रव उकळतो. १०० अंश हा ७६० मिलिमीटर दाबाचा उकळबिंदू होय. मुरुडचा परिसर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच. तेथे हवेचा दाब ७०० मिलिमीटरांच्या आसपास असतो आणि पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. अट न शिकविलेला विद्यार्थी हे दोन अंश तापमापकाची चूक समजेल, किंवा वहीत १०० लिहून मोकळा होईल. अट ठाऊक असलेल्याला तेच दोन अंश माप ठरतील: ९८ अंशांना पाण्याचा बाष्पदाब सुमारे ७०७ मिलिमीटर, म्हणून त्या वेळी हवेचा दाबही तितकाच.

पाहिलेले खोडून छापलेले लिहावे, ही सवय एका सदोष वाक्यानेही लागू शकते. परिभाषा समितीचे काम शब्दापाशी संपते; पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याचे तेथून सुरू होते.